चार बोटं पाणी कमी

पॉलिशवाल्याच्या घरात कुणीही शिरलं की आधी नजर जायची ती टाकीवर, माणसं मागाहून. घर म्हणजे एक खोली आणि मागे अंगाचं मुटकुळं करून उभं राहावं लागेल एवढं स्वयंपाकघर. खिडकीशी बायकोचं शिलाई मशीन. मशीनला खेटून लोखंडी घोडी, घोडीवर काचेची टाकी, आणि त्या एवढ्या टाकीत मासा एकच. रंगीत बिंगीत काही नाही हं. काळाकुट्ट, बुळबुळीत, अंगावर एक खवला नाही, डोकं चपटं, आणि तोंडाभोवती मिशाच मिशा. मांगूर. लोक तळ्यातून धरून आणतात आणि कालवणात घालतात, तो हा पाळायचा.

"ही काय पाळायची वस्तू आहे?" आलेला माणूस विचारायचा.

"मग काय तुला पाळू?" हा म्हणायचा. संपलं बोलणं. मुळात तो बोलायला चिक्कूच.

त्याची बायको तेवढी बोलघेवडी. शर्टांच्या कारखान्यातून कपड्यांचे गठ्ठे यायचे, ती घरी बसून काजं-बटणं करायची, आणि तोंडही मशीनबरोबर चालायचं. "सवत आणली असती ना," ती शेजारणीला सांगायची, "तर निदान भांडी तरी घासली असती तिनं. ह्या मिशाळ सवतीचं मलाच सगळं करावं लागतं." पण ते खोटं बरं का. माशाचं सगळं तोच करायचा. पाणी तो बदलायचा, गांडुळं तो आणायचा, काच आतून तोच पुसायचा. तिला नुसतं बोलायला हवं असायचं.

आता त्याचं काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नळाच्या तोट्या बनवायचा कारखाना होता. तोटी ओतली की खडबडीत निघते, तिला आरशासारखी करायची ती ह्या लोकांनी. कापडाच्या चकत्या एकावर एक शिवून केलेलं चाक, ते गरागरा फिरतं, त्यावर तोटी दाबून धरायची. चाकातून उडतं ते सगळं धरणाऱ्याच्या तोंडावर. पॉलिशचा मसाला, कापडाचा भुगा, पितळेची पूड. तोंडाला फडकं बांधतात खरं, पण फडकं ते फडकंच. घरी यायचा तेव्हा दात आणि डोळे तेवढे पांढरे. बायको म्हणायची, "अहो, आधी बोला तरी, म्हणजे ओळख पटेल."

असा उभा जन्म काढला त्यानं त्या चाकापुढे. तोट्या चमकल्या, छाती काळी झाली.

सुट्टीचा दिवस मात्र तळ्यावर. तिथे राखणदार होता, त्याचा लहानपणचा सोबती. दोघं काठावर बसायचे, गळ टाकायचे, आणि सबंध दिवसात बोलायचे किती, तर "लागला का?" आणि "नाही." बायको म्हणायची, "दोन दगड ठेवले असते तर तेही एवढंच बोलले असते." एकदा असाच एक मांगूर गळाला लागला, पण करंगळीएवढा. परत सोडायचा, तर त्यानं डब्यात घातला आणि घरी आणला. तेव्हा टाकीत लाल-पिवळे मासे होते, पोरीनं हट्टानं घ्यायला लावलेले. त्यातच ह्याला सोडला. तळ्यावर लहानपण काढलेला माणूस, आणि असली चूक केली! रोज एक रंगीत मासा कमी व्हायला लागला. घरात आरडाओरडा. शेजारणीच्या मांजराला बोल लावले, मांजरावरून शेजारणीशी वाजलं, आणि मग एका सकाळी बघतात तर टाकीत एकटा हा, पोट टम्म, मिशा हलवतोय.

पोरगी रडून रडून लाल. "बाबा, त्याला तळ्यात टाका!"

"खाल्लं तर खाल्लं. भूक होती त्याला," एवढंच तो म्हणाला. मग टाकीतलं बुडबुड्यांचं यंत्र काढून शेजारच्या पोरांना देऊन टाकलं. "ह्याला नाही लागत," म्हणाला. का लागत नाही, हे कोण विचारतंय? बायकोला वाटलं, दांडगट मासा, लागत नसेल.

पोरगी पुढे लग्न होऊन लांब गेली. मासा राहिला. वाढत वाढत कोपरापासून बोटांपर्यंत झाला. मधूनच तो तळातून सुळकन वर यायचा, तोंड पाण्याबाहेर काढायचा, चपक करून आवाज करायचा आणि परत खाली. बायको म्हणायची, "आला खादाड! आत्ता तर गिळलंस ना रे!" पॉलिशवाला हसायचा. "वर आल्याशिवाय त्याचं चालत नाही," म्हणायचा. ती म्हणायची, "तुमचंही चालत नाही, सारखं स्वयंपाकघरात डोकावल्याशिवाय." हा त्यांचा रोजचा विनोद होता. वर्षानुवर्षं तोच विनोद, आणि दोघांना प्रत्येक वेळी हसू यायचं.

मग छाती बोलायला लागली. आधी खोकला, मग जिना चढताना मध्ये बसणं, मग दोन वाक्यांच्या मध्ये थांबणं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरला आणि बायकोला सांगितलं, "फुप्फुसं वाळल्या चामड्यासारखी झालीत, बाई. पुन्हा मऊ होणार नाहीत. पण ह्यांना झोपवून ठेवू नका. उठू द्या, बसू द्या, थोडं चालू द्या. एकदा पाठ टेकली की मग अवघड."

काम सुटलं. तळं सुटलं. घरात बसलेला पुरुष, त्यातून मुका. सकाळी डोळे उघडायचा आणि आढ्याकडे बघत पडायचा. बायको हाका मारून थकायची. उठायचा तो फक्त एका गोष्टीसाठी, टाकीसाठी. अर्धी अर्धी बादली पाणी, भिंतीला धरून, दर चार पावलांनी दम खात तो न्यायचा. जुनं पाणी काढायचा, नवं ओतायचा. अर्धा दिवस त्यातच जायचा. बायकोनं एकदा म्हटलं, "द्या मी करते." तर असा बघितला तिच्याकडे, की ती मशीनवर जाऊन बसली. तिच्या ध्यानात आलं. ह्या सवतीनंच ह्याला उभं ठेवलंय. मासा आहे तोवर हा उठेल, आणि उठेल तोवर हा आहे. त्या दिवसापासून तिनं माशाला शिव्या देणं बंद केलं. बाजारातून येताना ओल्या मातीतली गांडुळं ती स्वतः काडीनं उचलून आणायला लागली, तोंड फिरवून.

टाकी मात्र तो कधी काठोकाठ भरायचा नाही. वरची चार बोटं रिकामी. तिला वाटायचं, बिचाऱ्याचे हात आता तेवढे उंच जात नाहीत. पण तसं म्हणायची नाही. पुरुषाला उणं दाखवू नये.

टाकीवर झाकण म्हणून एक फळी असायची. मांगूर म्हणजे काय साधा मासा? पाण्याबाहेर पडला तरी पखांवर रेटा देत जमिनीवरून सरपटतो. एकदा फळी ढकलून बाहेर आला तो मशीनखाली सापडला, मिशांना दोऱ्याचे गुंते लागलेले. पुन्हा निसटला तो पहाटेचा. बायको पाणी भरायला खाली गेली होती. वर येते तर नवरा हातापायांवर, खोलीभर माशामागे. मासा कपाटाखाली, ह्याचा हात आत, माशाचा काटा तळव्यात रुतलेला, आणि ह्याला श्वासच येईना. ओठ निळे पडले. मासा तिनं फडक्यात धरून टाकीत फेकला आणि नवऱ्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

तिथे त्याच्या नाकातोंडावर हवेचा मुखवटा बसवला. बोलणं नाहीच. तो डोळ्यांनी विचारायचा, ती सांगायची, "आहे, आहे तुमचा मिशीवाला. मजेत आहे."

आणि तिनं ठरवलं. हा घरी येईल तेव्हा मासा जागच्या जागी असला पाहिजे. पुन्हा म्हणून बाहेर पडता कामा नये. काचवाल्याला बोलावलं. तो माप घेऊन गेला आणि जाड काच कापून घेऊन आला, अशी की तिच्या कडेनं नखही आत जाणार नाही.

"फट ठेवू का थोडी, मावशी?" त्यानं विचारलं.

"फट दिसली की ह्याला डोकं सुचतं. अजिबात नको."

मग तिनं बादल्यांवर बादल्या ओतल्या. चार बोटांची ती रिकामी जागा तिला कधीची खुपत होती. आता माझे हात धड आहेत तर मी भरते. भरली, भरली, अगदी काचेला पाणी टेकलं. वर काच आणि काचेवर कपड्यांची जड इस्त्री. लांब जाऊन बघितलं तर टाकी अशी दिसत होती, की जणू पाण्याचा एकसंध ठोकळा कापून ठेवलाय. शेजारीण म्हणाली, "बाई, आता कुठे टाकीसारखी टाकी दिसतेय."

दुपारी ती काजं करायला बसली. गठ्ठा संध्याकाळी न्यायला यायचा होता. मासा वर आला, डोकं काचेवर आपटलं. ठक. खाली गेला, परत वर. ठक.

"नाही हं," ती मशीन चालवत म्हणाली. "मालक येऊ देत, मग खा."

ठक. ठक.

"खादाड मेला! सांगितलं ना?"

बराच वेळ चाललं होतं ते. मशीनचा आवाज आणि तो आवाज. मग तो थांबला. तिला बरं वाटलं. म्हटलं, चला, समजलं एकदाचं. गठ्ठा बांधला, दिला, डबा घेऊन दवाखान्यात गेली, आणि नवऱ्याला सांगितलं, "नवं झाकण केलंय. आता कुठे जात नाही तो."

सकाळी उठून बघते तर मासा वर, काचेला चिकटलेला, पांढरं पोट आभाळाकडे.

तिनं इस्त्री उचलली, काच काढली, त्याला परातीत घेतला, अंगावर पाणी मारलं, हलवला. मेलेला मासा जड लागतो. तिला काही कळेना. उपाशी होता म्हणून? एका दिवसात? मालकाच्या आठवणीनं? आणि त्याच दिवशी नवऱ्याला घरी सोडणार होते. मासा लपवावा असं मनात आलं, पण रिकामी टाकी कुठे लपवणार?

तो आला. उंबऱ्यातच थांबला, भिंतीला धरून. परातीतल्या माशाकडे बघितलं. मग टाकीकडे. काठोकाठ पाणी. बाजूला उभी केलेली काच. खाली इस्त्री. एकेक वस्तू त्यानं पाहिली, सावकाश, कारखान्यात तोटी उजेडात फिरवून बघायचा तशी.

"पाणी कुणी भरलं?"

"मी. म्हटलं, तुम्हाला त्रास नको."

तो खुर्चीत बसला. श्वास जमवायला वेळ लागला त्याला. "म्हातारा झाला होता गं," म्हणाला. "वय झालं की जायचंच."

ती हमसून हमसून रडली. सुटल्यासारखं झालं तिला. दिवसभर जी भीती घेऊन बसली होती ती गेली. त्यानं तिच्या पाठीवर हातही ठेवला. तो कधी ठेवत नसे.

आणि दुसऱ्या दिवशी तो उठला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चहा पडल्या पडल्या, जेवण पडल्या पडल्या. ती म्हणायची, "अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय? जरा दारापर्यंत चला." तो म्हणायचा, "दारात काय आहे?"  फोनवर पोरगी म्हणाली, "आई, दुसरा मासा आण." तर ही निघाली तळ्यावर.

राखणदार आपल्या खोपीपुढे बसून फाटकं जाळं सांधत होता. शेजारच्या बादलीत ना धड पाणी ना काही, नुसता ओला चिखल, आणि चिखलात दोन मांगूर वळवळत होते.

"या वहिनी. कसा आहे आमचा मुका?"

"पडून आहे, भावोजी. मासा गेला तेव्हापासून उठतच नाही. वय झालं होतं म्हणतात माशाचं."

"वय?" राखणदार हसला. "मांगुराचं? अहो वहिनी, हा असा तसा मरत नाही. हे बघा, कालपासून चिखलात आहेत. हा वरची हवा घेतो, आपल्यासारखी. घटकेघटकेला वर येणार, घोटभर हवा घेणार, खाली जाणार. ह्याला मारायचं तर एकच. वर झाकण घालून पाण्यात दाबून ठेवायचा. बुडून मरतो."

"मासा बुडतो?"

"हा बुडतो. म्हणून तर तो टाकी चार बोटं कमी भरायचा. तुम्हाला ठाऊक नाही?"

 राखणदार पुढे काय काय बोलत राहिला, तिला ऐकू आलं नाही. तिच्या कानात ठक, ठक. मशीन थांबवून मान वळवायची, एवढंच करायचं होतं. आणि तो? उंबऱ्यात उभ्या उभ्या त्याला सगळं कळलं होतं. ज्याला एका श्वासात दोन शब्द जमत नाहीत, त्यानं तो श्वास तिला खोटं सांगण्यात घातला होता.

राखणदाराच्याही उशिरानं डोक्यात प्रकाश पडला. त्यानं जीभ चावली. मग म्हणाला, "ह्यातला एक न्या वहिनी. फडक्यात बांधून देतो."

"नको. मला गळ टाकायला शिकवा."

"तुम्हाला? गांडूळ बघून तुम्ही पळता."

"आता नाही पळत."

तिनं गांडूळ ओवलं, मणी ओवावा तसं. पाणी गढूळ होतं. राखणदारानं गळाचा तंगूस तिच्या बोटावरून सोडला. "ओढ बोटाला कळते," म्हणाला. दोरा बोटाला कळतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं, जन्मभर तेच केलेलं. दोनदा हलकं टोकरून गेलं तरी ती हलली नाही. आणि मग खाली कुणीतरी दोरा घेऊन सरळ चालू लागलं, तेव्हा तिनं झटका दिला. वर आला तो लहानच, वीतभर. गळ सोडवताना त्यानं काटा मारला, थेट अंगठ्यात. आग आग झाली. "ओरडा वहिनी, ओरडलं की बरं वाटतं," राखणदार म्हणाला. ती ओरडली नाही. तिला ती आग हवीच होती.

घरी आली तेव्हा अंगठा सुजून मुळ्यासारखा झाला होता. डब्यातला मासा तिनं टाकीत सोडला. काच काचवाल्याला परत दिली होती. फळीच ठेवली, वर वीट. तो बिछान्यावरून बघत होता.

"पाणी किती घातलंस?"

"चार बोटं कमी."

त्यानं मान वळवून पाण्याची रेघ पाहिली. खालून कुणाच्या तरी बादलीचा आवाज येत होता. मग म्हणाला, "राखणदारानं सांगितलं ना? त्याच्या तोंडाला... कुलूपच नाही."

"तुमच्या तोंडाला आहे ना मोठं!" ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "बोलला का नाहीत मला? मारायचं होतंत मला, शिव्या द्यायच्या होत्यात!"

"एवढा श्वास कुठाय," तो म्हणाला. मग थांबून, "काटा लागला?"

"लागला."

"गरम पाण्यात धर. फार गरम नको."

तिनं पातेल्यात पाणी तापवलं, त्याच्या बिछान्याशी बसली, अंगठा आत धरला. तिला वाटलं, आता हा उद्या उठेल. उठून पाणी बदलेल.

पण तो उठला नाही. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, एकदा पाठ टेकली ती टेकली. मग तिनं राखणदाराला बोलावलं आणि दोघांनी मिळून बिछानाच ओढत टाकीशी नेला. मशीन पलीकडे सरकवलं. तो कुशीवर पडून बघायचा. लहानगा वर यायचा, चपक करायचा, खाली जायचा. तो मोठ्यापेक्षा जास्त वेळा यायचा वर. बायको "खादाड" म्हणायची नाही आता, आणि तिच्या लक्षात आलं की त्याला ते हवं होतं. त्यानं एकदा बोट वर करून खूण केली, म्हण ना. तिनं प्रयत्न केला. जमलं नाही.

शेवटी शेवटी उशांवर उशा रचून बसता ठेवला होता. पोरगी आली होती. तो गेला तो सकाळीच, ऊन टाकीत शिरलं होतं तेव्हा. तोंड उघडंच होतं, वर केलेलं.

मासा आहे अजून. चांगला हातभर झालाय. पाणी तीच बदलते, अर्धी अर्धी बादली. काजं करते, आणि तो वर यायला लागला की मशीनवरचा पाय उचलते. तो घोट घेऊन खाली गेला की मग पुढचं काज. काम मागे पडतं, गठ्ठा न्यायला आलेला माणूस कुरकुरतो.

शेजारीण परवा म्हणाली, "अगं, पाणी घाल की टाकीत. रिकामी रिकामी दिसते."

"भरलेलीच आहे ती," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवला.